किटलीभर लिपिड

चहा घ्या आधी, गार होईल. माझी फजिती काय गार होत नाही. बरेच दिवस झाले तरी गावात रोज कुणी ना कुणी ती तापवून पितंच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान किटली केवढी होती ते तरी खरं कळेल. गावानं तिची आता घागर केलीय, उद्या हौद करतील!

तर आमची नात ऋतुजा. पुण्याला एका मोठ्या संस्थेत संशोधन करते. मी शाळेची पायरी चढलो नाही. आमच्या कवठ्यात शाळा होती, पण गुरंही होती, आन् गुरांनी मला आधी धरलं. त्यामुळं नात एवढी शिकली याचा मला आनंद किती आन् त्यातलं कळत किती, याचा कधी मेळच बसला नाही.

ती या कामाला लागली त्यालाही कारण आहे. तिच्या आजीला, म्हंजी आमच्या कारभारणीला, पोटात गाठ झाली होती. औषध द्यायचे गाठीसाठी, आन् जायचं सगळ्या अंगात. केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. गाठ तेवढी जागची हलली नाही. ऋतुजा तवा कॉलेजात होती. दवाखान्यात आजीच्या उशाशी बसून पुस्तक वाचायची. आजी गेली, आन् पोरीनं तेच पुस्तक पुढं धरलं.

दिवाळीला आली होती तवा आम्ही दोघं बांधावर बसलो होतो. मी विचारलं, "बाई, तू तिथं दिवसभर करती तरी काय?"

"निरोप पोचवते, आबा."

"पोस्टात लागलीस व्हय गं?"

"तसंच समजा!" ती हसली. "गाठीतल्या पेशीला सांगायचं, बाई गं, आता वाढू नको. तो निरोप हेच औषध. पण नुसता रक्तात सोडला तर रक्त त्याचे तुकडे करून टाकतं. म्हणून तो चरबीच्या थेंबात गुंडाळायचा."

"केवढा थेंब?"

"डोळ्याला दिसणार नाही एवढा. एका ज्वारीच्या दाण्यात किती बसतील ते मोजता यायचं नाही."

"आन् एवढ्याशा थेंबाला गाठ घावती कशी?"

"त्याच्या अंगावर एक खूण लावायची. ती खूण गाठ बघूनच चिकटते. म्हणजे, चिकटावी अशी आमची धडपड आहे. खरं सांगू का आबा, बहुतेक थेंब मधल्या मध्ये लिव्हरच गिळतं."

मी म्हणालो, "आपल्या वेशीवरच्या नानावाणी. कुरिअर कुणाचंबी असू दे, नाना आधी आपल्याच ओट्यावर उतरवून घेतो!"

ती इतकी हसली, इतकी हसली, की झाडावरचे बगळे उडाले. "हे मी आमच्या मॅडमना सांगणार," म्हणाली.

बघा, मला सगळं कळलं होतं. निरोप कळला, थेंब कळला, खूण कळली, नाना तर आधीपासूनच ठाऊक होता. आन् माणसाला सगळं कळलं असं वाटतं ना, तिथंच त्याचा पाय घसरतो.

थंडी पडली. आमच्याकडं थंडीत हुरडा. कोवळी ज्वारी, हिरवी, गोड. पण तिचा काळ केवढासा! आज दुधात असते, चार दिवस दुर्लक्ष केलं की दाणा टणक. मी ऋतुजासाठी एक वाफा मुद्दाम मागाहून पेरला होता. बाकीच्या रानात हुरडा भाजायच्या आगट्या पेटून विझल्या, माझा वाफा राखलेला. कुणी मागायला आलं की मी म्हणायचो, "हा न्हाई. हा पोरीचा हाय."

रोज सकाळी जाऊन एक कणीस चोळून बघायचो. अजून दूध आहे. अजून आहे. थोडं कमी झालंय.

शेवटी फोन लावला. पण मी काय "ये" म्हणालो नाही हो. कामात असलेल्या पोरीला कशाला ओढायचं? मी आपला लांबून लांबून गेलो.

"काम कसं चाललंय, बाई?"

"ठप्प आहे, आबा. ती चरबी बाहेरच्या देशातून येते, बर्फात घालून. लिपिड म्हणतात तिला. तपासणीत अडकलीय कुठंतरी. आम्ही सगळे गेटकडं डोळे लावून बसलोय."

"मग इथली चालत न्हाई का?"

"इथं तेवढी शुद्ध मिळत नाही ना."

झालं! हे वाक्य काट्यासारखं रुतलं बघा. शुद्ध मिळत नाही? पुण्यात मिळत नसेल, तिथलं तूप मी खाल्लंय. पण माझ्या दावणीला गाय उभी, आन् माझी नात चरबीवाचून अडलीय? चरबी नाही म्हणून काम नाही, काम संपत नाही म्हणून सुट्टी नाही, आन् इकडं कणसातलं दूध आटत चाललेलं. मी मनाशी हिशोब मांडला: तूप पोचलं की काम झालं, काम झालं की पोरगी घरी. किती सोपं! एवढी शिकलेली माणसं, आन् कुणाला सुचू नये?

ऋतुजाची आई, आमची सूनबाई, तिला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"आबा, लिपिड म्हंजी काय तूप असतंय व्हय?"

"चरबीच ना? तिच्याच तोंडचं सांगतोय."

"मग डालड्याचा डबा घेऊन जावा. घुसळून घुसळून हात तरी दुखायचा न्हाई."

"औषध हाय ते! औषधात डालडा घालतेत व्हय?"

"अवो, फोन करून इचारा तरी पोरीला."

"इचारलं तर ती नकोच म्हणंल. घरचं मागायची न्हाई ती. आजीवर गेलीय."

सूनबाईनं फ्रिजमधली साठवलेली साय माझ्यापुढं ठेवली आन् म्हणाली, "तुमचं तुम्हीच करा मग. औषधाचं मला जमायचं न्हाई."

मी जन्मात तूप केलं नव्हतं. पण बघितलं होतं की. आमची कारभारीण माहेरची भांडगावची, दौंडकडची. तूप करावं तर तिनं. लोणी कढायला लागलं की ती त्यात विड्याचं पान टाकायची आन् कान देऊन बसायची. म्हणायची, "तूप बोलतंय तवर बोलू द्यावं. गप झालं की उतरवावं."

मीही पान टाकलं. कान देऊन बसलो. तूप बोलत होतं, तडतड, तडतड. आन् काय सांगू, ऐकता ऐकता मला तुपाच्या जागी तिच्या बांगड्याच ऐकू यायला लागल्या. अगदी तशाच. मी ऐकत राहिलो. तूप कवा गप झालं ते कळलंच नाही. तळाला जरा लागलं.

तरी वरचं छान होतं बरं का. थंडीनं पहाटेपर्यंत रवाळ थिजलं. किटलीत भरलं, झाकणाला फडकं बांधलं, पांढरी टोपी घातली आन् निघालो. कवठ्याहून शिरूर, शिरुरातून पुण्याची एसटी. किटली मांडीवर. खाली ठेवली तर औषधाला धूळ लागायची!

शेजारी एक बाई बसली होती. तिनं दोन-तीनदा वास घेतला.

"मामा, तूप का?"

"न्हाई. लिपिड."

"वास तर तुपाचा येतोय."

"चांगल्या लिपिडाला असाच येतो," मी सांगितलं. बाई सारखी मान हलवत बसली. तिलाही पटलं असावं.

संस्थेच्या गेटवर आलो. गेटवर तिवारी म्हणून एक गार्ड, तिकडचा, उत्तरेचा. भला माणूस.

"बाबा, किधर जाना है? हाथ में क्या है?"

मी म्हणालो, "लिपिड लाया है. उपर देने का."

अहो, तिवारी खुर्चीतून असा उठला, जसा पुढारीच आला दारात! मला काय ठाऊक, त्या लिपिडापायी वरची माणसं रोज त्याचा जीव खात होती ते. आलं का, आलं का, आल्याबरोबर फोन कर, एक मिनिट बाहेर राहिलं तर खराब होईल. त्यानं किटलीकडं बघितलंच नाही. फोन उचलला आन् ओरडला, "मॅडम! लिपिड आ गया!"

मग जे झालं ते आयुष्यात माझ्या स्वागताला कधी झालं नव्हतं. जिन्यावरून धडधड, धडधड! पांढरे कोट घातलेली पोरंपोरी धावत खाली. एकाच्या हातात बर्फाची पेटी, एकीच्या हातात कोपरापर्यंत जाड मोजे, एक जण ढकलगाडी घेऊन, आन् सगळ्यांच्या पुढं त्यांच्या मॅडम, केस पिकलेल्या, चांगल्या मोठ्या बाई, त्यासुद्धा पळत!

मी मनात म्हणालो, बघ कारभारणी, तुझ्या तुपाला काय मान हाय.

पण ते सगळे माझ्या मागं बघायला लागले. डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून.

"कुठाय? गाडी कुठाय?"

"बॉक्स कुणाकडं दिलाय?"

तिवारीनं माझ्याकडं हात केला. मी किटली वर धरली. मॅडमनी फडकं सोडलं, झाकण काढलं. आत पिवळंधमक तूप, आन् वर विड्याचं पान.

बर्फाच्या पेटीतून नुसता धूर निघत होता.

मग मागून आवाज आला, "आबा?"

ऋतुजा. मी तिला सगळं एका दमात सांगून टाकलं. "तू म्हणालीस ना, शुद्ध मिळत न्हाई म्हणून. घरच्या गाईचं हाय. तळाला जरा लागलंय, ते घेऊ नका. वरवरचं घ्या."

तिनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मला वाटलं पोरगी लाजली. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपला म्हातारा टोपी घालून तूप घेऊन आला. माझी मान खाली गेली. आता मागं फिरावं आन् गपचूप स्टँड गाठावं, असं झालं बघा.

पण मॅडमनी हातातला मोजा काढला, बोटानं तूप घेतलं आन् चाटलं.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "इतकं चांगलं तूप मी कित्येक वर्षांत खाल्लं नाही. पण आमच्या कामाला ते चालायचं नाही."

"का वो? शुद्ध हाय की."

"शुद्धपणाचा प्रश्न नाही. आमची चरबी मुद्दाम घडवलेली असते. रस्ताभर तिनं निरोप घट्ट धरायचा आणि पेशीच्या आत पोचलं की सोडून द्यायचा. दोन्ही जमलं पाहिजे. तुमचं तूप त्यातलं काही करायचं नाही."

"सोडून देणं आमच्यात कुणालाच जमत न्हाई, मॅडम," मी म्हणालो. सगळे हसले. ऋतुजा पण वळली. डोळे पुसत हसत होती. लाजली नव्हती हो पोरगी.

मला वर नेलं, चहा दिला. मी मॅडमना एकच विचारलं. "आमच्या कारभारणीसारख्या बाईला हे औषध कवा मिळंल?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला आन् म्हणाल्या, "खोटं सांगत नाही, आजोबा. आत्ता आम्ही उंदरांवर करून बघतोय. माणसापर्यंत यायला वेळ लागेल. येईलच असंही छातीवर हात ठेवून सांगत नाही."

उंदीर! मी आयुष्यभर कणगीपाशी त्यांना औषध घातलं ते कसलं, आन् ही माझी नात त्यांना घालतेय ते कसलं! म्हणालो, "बरं हाय. उंदरास्नी तरी गुण येऊ द्या आधी."

मॅडमना काय वाटलं कोण जाणे. त्या ऋतुजाला म्हणाल्या, "जा गं, आजोबांबरोबर दोन दिवस घरी जाऊन ये. पार्सल आलं तर मी स्वतः आत ठेवते. त्यात काय एवढं!"

अहो, मला तर तिथंच नाचावंसं वाटलं! तूप फुकट गेलं, पण पोरगी मिळाली. किटली तिथंच ठेवली, जेवायला उपयोगी पडेल म्हणून, आन् आम्ही एसटीत बसलो. ती खिडकीशी. वाघोलीची गर्दी संपेपर्यंत ती बोलत होती. आईला काय आवडेल, चटणी कुठली करायची, वाफ्यात अजून दूध आहे का. मग बोलता बोलता माझ्या खांद्यावर झोपली. लहानपणी झोपायची तशीच, तोंड उघडं टाकून. खांद्याला मुंग्या आल्या, पण मी हललो नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मनात म्हणत होतो, हळू रे बाबा, हळू.

सणसवाडीच्या अलीकडं तिचा फोन वाजला.

मॅडम होत्या. काय झालं होतं ऐका. आम्ही निघालो, आन् थोड्या वेळात खरं लिपिड आलं! कुरिअरवाला गेटवर. तिवारीनं बिचाऱ्यानं या खेपेलाही काही उघडायला लावलं नाही, नुसता वर फोन केला, "मॅडम, लिपिड आ गया!" वर सगळे जेवायला बसलेले, वरणभातावर माझं तूप. मॅडमना वाटलं तिवारी चेष्टा करतोय. म्हणाल्या, "हो हो तिवारीजी, फारच छान आहे. तुम्हीपण या की भात घेऊन!" आन् फोन ठेवला. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्यांदा फोन वाजला तो कुणी उचललाच नाही. सही करायला कुणी येईना, तसा कुरिअरवाला पेटी घेऊन परत गेला. मग तिवारीनं वर जाऊन सांगितलं तवा खरं काय ते उलगडलं. त्याचं गोडाऊन कुठं? सणसवाडीत!

"ऋतुजा, तूच जवळ आहेस," मॅडम फोनवर काकुळतीला आल्या होत्या. "तू ताब्यात घे. पेटीत बर्फ आहे का तेवढं आधी बघ. आम्ही गाडी पाठवतोय."

उतरलो. कंपन्यांच्या मागं, भाड्याच्या खोल्यांची रांग, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, त्याच्या पलीकडं ते गोडाऊन. ऋतुजा पुढं, मी मागं. पांढरी पेटी एका कोपऱ्यात ठेवली होती, टायरच्या खोक्यांशेजारी. तिनं झाकण किलकिलं केलं. धूर निघाला. तिनं असा श्वास सोडला, आन् ती पेटी अशी पोटाशी धरली, की मी बघतच राहिलो. दवाखान्यात आजीला उठवून बसवायची ना, अगदी तशी धरली.

रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभे राहिलो. मी म्हणालो, "चला, चरबी आली. बरं झालं. आता ही देऊन टाक, काम उरक, आन् उद्या ये."

ती माझ्याकडं बघायला लागली. "आबा, आता कुठलं येणं? आता तर काम सुरू झालं. चरबी खराब व्हायच्या आत सगळं करायचं. आता उन्हाळ्यापर्यंत हलता येणार नाही."

"आगं, पण चरबी आली की येणार व्हतीस ना?"

"चरबी नव्हती म्हणून तर मोकळी होते, आबा! इतके दिवस नुसती बसून होते मी. मॅडम रोज म्हणायच्या, घरी जा. मला वाटलं, तुम्ही सगळे कांद्याच्या काढणीत असाल, मी कशाला मध्ये येऊ. तुम्ही एकदा नुसतं 'ये' म्हणाला असता तर त्याच दिवशी आले असते."

आता बघा तुम्हीच. गाईची साय घुसळली, तूप जाळलं, किटली घेऊन पुणं गाठलं, एवढ्या मोठ्या बाईला जिन्यावरून पळवलं. पण एक शब्द तोंडातून निघाला नव्हता. आन् फोन ठेवल्यापासून मी मनात काय मागत होतो? तिची चरबी येऊ दे!

गाडी आली. पेटी आत ठेवली. ती वाकली, पाया पडली आन् म्हणाली, "आबा, राग नाही ना आला?"

"येडी का काय," मी म्हणालो. "ज्याच्यासाठी हाय त्याच्याकडं ते पोचलं पायजे. जा बिगीनं, बर्फ इतळंल."

गाडी वळली आन् पुण्याकडं गेली. मी रस्ता ओलांडून पलीकडं शिरूरच्या एसटीची वाट बघत उभा राहिलो. हात मोकळेच होते. काहीतरी धरायची सवय झाली होती सकाळपासून.

घरी पोचलो तर दिवस कलला होता. सूनबाईला ऋतुजानं आधीच फोन केला होता, पुण्याहून निघताना. पुढचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. तिनं वाफ्यापाशी आगटी पेटवून ठेवलेली, लसणाची चटणी वाटलेली, शेजारपाजारची चार माणसं घोंगड्या टाकून बसलेली. मला एकट्याला येताना बघून सगळे उठून उभे राहिले.

सूनबाईनं माझ्या मागं रस्त्यावर लांबवर बघितलं. "आबा, पोरीला आणणार व्हता ना?"

मी टोपी काढली, आगटीपाशी बसलो.

"आणली व्हती की," म्हणालो. "सणसवाडीपतोर आणली व्हती."